दादूसचा घास

रविवार, २४ नोव्हेंबर

आजपासून लिहायचं ठरवलं. कारण एकच, शेजारचा कुत्रा. ह्यांना काही सांगायला गेलं की हे कूस बदलतात. गल्लीत बोललं की संध्याकाळपर्यंत तेच मीठमसाला लागून माझ्याच दारात परत येतं. वही निदान तोंड मिटून ऐकते.

हरेशने तो आणला त्याला वर्ष होत आलं. रॉटवायलर म्हणतात त्या जातीला. काळाकुट्ट, भुवयांच्या जागी दोन पिवळे ठिपके, डोकं पाट्याएवढं. असल्या जातीच्या कुत्र्यांनी कुठं कुणाला फाडलं ते मोबाईलवर रोज येतं आणि मी रोज बघते. नाव डॉन. हरेशची बायको नमिता मात्र त्याला ‘दादूस’ म्हणते. दादूस म्हणजे त्यांच्या बोलीत थोरला भाऊ. सख्खा भाऊ नाही म्हणून कुत्र्याला भाऊ करायचं, हे मी आजवर ऐकलं नव्हतं.

आमची ही कोपरखैरण्याची माथाडींची घरं, भिंतीला भिंत लागलेली. हरेश शिंकला तर आम्ही इकडून ‘सत्य आहे’ म्हणावं, इतकी जवळ. आमचं घर गल्लीच्या टोकाला, त्यामुळे बाहेर पडायचं तर त्यांच्या ओट्यापुढूनच. साखळी लांब आहे. मी समोरच्या घरांच्या कडेकडेने चोरासारखी जाते. माझ्याच गल्लीत मी अशी जायची, याचा राग जास्त येतो.

गुरुवार, २८ नोव्हेंबर

हरेश माणूस मात्र लाखात एक. गल्लीत आम्ही सगळे साताऱ्याकडचे, हा एकटा इथला मूळचा. न्हावा शेव्याच्या बंदरात त्याचे ट्रेलर चालतात. तरी गर्व नाही. आज गॅसचा सिलिंडर दारात पडला होता, ह्यांची कंबर धरलेली. हरेशने हाक न मारता उचलून आत आणून ठेवला. “काकी, तुमी सांगत का नाय? मी काय परका हाय?”

आणि असल्या माणसावर त्याचाच कुत्रा भुंकतो! एरवी दिवसभर पडून असतो, पण हरेशची गाडी वळली की सुरू. खाल्ल्या घरचे वासे मोजायचे म्हणतात ते हेच. आजही तो घरात शिरला आणि लगेच भुंकणं, गुरगुरणं आणि आमच्या सामाईक भिंतीवर दणादण धडका. फळीवरचा माझा स्टीलचा डबा हलला. एवढं जनावर आत घेतात कशाला? एक दिवस भिंत पाडेल.

सोमवार, २ डिसेंबर

नमिता भाजीवाल्याकडे दिसली. मनगट सुजून टम्म. विचारलं तर म्हणे, “दारात सापडला काकी.” दारात बोट सापडतं बाई, मनगट कसं सापडेल? मी ओळखलं. कुत्र्यानेच धरलं असणार, आणि लाडक्या दादूसवर आळ नको म्हणून झाकतेय.

मुलगी तशी घुमी. मूळची दिवाळे गावची, आई सखूबाई तिथे मासळी विकते. लग्नानंतर सुरुवातीला माझ्याकडे चहाला यायची. हल्ली येत नाही. हरेश म्हणतो, तिला माणसांत आवडत नाही. पैशाने बसल्या जागी सुख मिळालं की काही बायकांचं असं होतं.

शनिवार, ७ डिसेंबर. चंपाषष्ठी

आज काय झालं ते सगळं लिहिते, म्हणजे राग उतरेल.

आमचं कुलदैवत पालीचा खंडोबा. चातुर्मासभर आम्ही कांदा-वांगं तोंडात घालत नाही. हे स्वतः कांदा-बटाटा बाजारात टोळीचे मुकादम, दिवसभर कांद्यात उभे, पण घरात चार महिने कांद्याची साल येत नाही. आज ते सुटतं. त्यामुळे कांदा घालून वांग्याचं भरीत, बाजरीचे रोडगे, आणि तळी भरली की पहिला घास कुत्र्याला. खंडोबाचा सोबती तो. त्याला उपाशी ठेवून आपण जेवायचं नाही, हे सासूबाईंनी मला पहिल्या वर्षीच शिकवलं.

पण गल्लीत कुत्रा कुठे? आमचे नेहमीचे दोन भटके परवाच पालिकेची गाडी नसबंदीला घेऊन गेली. हे कपाळाला भंडारा लावून भुकेने कळवळतायत. शेवटी माझीच मला लाज वाटली. म्हटलं, बाई, देवाचं कुत्रं शेजारच्या ओट्यावर बसलंय आणि तू त्याला सैतान समजून पळतेस. तेव्हाच नवस बोलले, ही भीती गेली तर पालीला पाच नारळ.

पान लांबूनच सरकवलं. त्याने आधी माझ्याकडे बघितलं, मग एका दमात चाटूनपुसून साफ केलं. शेपूट नसलेलं बूड हलवलं. मला हसूच आलं.

तेवढ्यात नमिता धावत बाहेर. “काकी, कांदा हाय का त्यात? कांदा नका देऊ त्याला. डॉक्टरनी नाय सांगितलाय. इख हाय त्यांना.”

इख! माझ्या हातच्या नैवेद्याला विष म्हणाली, सणाच्या दिवशी, चार बायकांसमोर! आमच्याकडे वाड्यावस्तीवरची कुत्री पिढ्यान्‌पिढ्या भाकरी-कांदा खाऊन जगली. मग जेवण काही गोड लागलं नाही.

संध्याकाळी हरेश स्वतः आला. “काकी, तिचा मनावर घेऊ नका. ती नेटवर काय पन वाचते. देवाचा हाय, तुमी रोज घाला.” मग हळूच म्हणाला, “फक्त ती नसताना घाला. उगाच घरात कटकट नको.”

मोठ्या मनाचा आहे.

मंगळवार, १० डिसेंबर

तीन दिवस घातलं. सकाळी नमिता आंघोळीला गेली की हरेश मला फोनवर एक मिस्ड कॉल देतो, मी पान घेऊन जाते. गंमतच वाटते, सुनेची चोरी करून नातवाला लाडू द्यावा तशी.

आज त्याने विचारलं, “काकी, कांदा जरा जास्त घालता काय? त्याला लई आवडतो.” म्हटलं, आमच्या घरात कांद्याला काय तोटा! गोण्या फुटून खाली सांडलेला कांदा हे पिशवी भरून आणतात. मी कांद्याचा झुणका केला, भाकरीत कुस्करला. हरेश मांडी घालून बघत होता. त्याच्या हातचं मात्र डॉन खात नाही. हाताने तुकडा पुढे केला तर ओठ वर गेले आणि दात दिसले. हरेशने हात झटकन मागे घेतला. “बगा, मालकाला इज्जत नाय.” हसला, पण डोळे हसले नाहीत. अपमान कुणाला सहन होतो?

सोमवार, १६ डिसेंबर

आज जे बघितलं ते लिहूनच ठेवते.

तिन्हीसांजेला दळण घेऊन येत होते. हरेशचं दार सताड उघडं. आत नमिता कोपऱ्यात, पाठ भिंतीला लावून. हरेश दारापाशी, हातात कमरेचा पट्टा. आणि दोघांच्या मधोमध डॉन. चारही पाय रोवून, मानेचे केस ताठ, सगळे दात बाहेर, आणि तोंड हरेशकडे. भुंकत नव्हता. बारीक गुरगुरत होता, तेच जास्त भीतिदायक.

हरेशने मला बघितलं आणि पट्टा खाली केला. “काकी, बगितला ना? एक दिवस खाईल मला ह्यो. मारून शिस्त लावायला गेलो तर अंगावर येतो.”

मी म्हटलं, “नमिता, बाजूला ये गं, चावेल.” ती हलली नाही. माझ्याकडे अशी बघत राहिली, की काहीतरी विचारतेय आणि मला ऐकू येत नाहीये. बिचारी घाबरून थिजली होती. मी पायरीही चढले नाही, दळणाचा डबा घट्ट धरून घरी आले.

ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, “आगं, त्येंच्या घरात काय बी हुईल. आपून कशाला मधी पडायचं?”

सोमवार, २३ डिसेंबर

खंडोबा पावला! डॉन शांत झाला. खरंच सांगते, मांजर झालाय. आज ओट्याला अगदी खेटून गेले, त्याने मानसुद्धा उचलली नाही, नुसते डोळे फिरवले. पान ठेवलं तर बसल्या बसल्या खाल्लं. थोडं उरवलं, तेही माझ्याकडे बघून संपवलं. मी पहिल्यांदा त्याच्या डोक्यावर हात ठेवला. गरम होतं आणि मऊ. एवढे दिवस मी कशाला भीत होते कोण जाणे.

अन्न पोटात गेलं की जनावर काय, माणूसही निवळतो. हरेश तर खूश. “काकी, तुमचे उपकार कवा फेडू?” आता तो आला तरी डॉन भुंकत नाही, फक्त उठायचा प्रयत्न करतो. धडका मात्र चालूच आहेत. झोपलेला कुत्रा एवढ्या धडका कशाने देतो, देव जाणे. बहुतेक अंग खाजवतो.

शुक्रवार, ३ जानेवारी

नमिता सकाळी ओटा धूत होती. पाणी लाल-तपकिरी, कोकमाचं आगळ सांडावं तसं. म्हणाली, “दादूसला लघवीतून पडतंय.” त्याच्या हिरड्या दाखवल्या, भिंतीच्या चुन्यासारख्या पांढऱ्या. तिचाही एक डोळा काळानिळा. म्हणाली, “काकी, तुमी काय दिला नाय ना त्याला? शपथ घ्या.”

मी म्हटलं, “मी कशाला देऊ? तू नको म्हणालीस ना.”

सणाच्या भंडाऱ्याची खूण अजून उंबऱ्यावर आहे आणि मी उंबऱ्यात उभी राहून खोटं बोलले. घरात कटकट नको म्हणून. आज पान केलं नाही. मिस्ड कॉल तीनदा आला.

सोमवार, ६ जानेवारी

तिने कुठून तरी जनावरांच्या डॉक्टरला बोलावलं. संघप्रिया नावाची तरुण मुलगी, बॅग घेऊन थेट ओट्यावर मांडी घालून बसली. डॉनला तपासलं, रक्त काढलं. ते रक्त पातळ होतं, शाईत पाणी जास्त झालं की होते तसं. गल्लीतल्या बायका जमल्या होत्या. डॉक्टर म्हणाली, “कांदा कोण घालतंय ह्याला? एक-दोन दिवसाचं काम नाहीये हे. रोज जातोय पोटात. कांद्याने ह्यांचं रक्तच फुटतं.”

नमिता माझ्याकडे वळली. मी हरेशकडे बघितलं. म्हटलं, तो सांभाळून घेईल.

हरेश म्हणाला, “आमाला काय म्हाईत डॉक्टर. काकी देवाचा म्हनून घालायच्या. मोठ्या मानसाला नाय कसा बोलनार?”

अगदी शांतपणे म्हणाला. सिलिंडर उचलून ठेवताना बोलला होता त्याच आवाजात.

बुधवार, ८ जानेवारी

डॉन गेला. सकाळी. नमिता त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. रडली नाही. मी खिडकीतून बघितलं, बाहेर जायची हिंमत झाली नाही. हे बाजारातून आल्यावर मी ह्यांना सगळं सांगितलं. पिशवीतला कांदा मोरीत ओतला, तरी हाताचा वास जात नाही.

शनिवार, ११ जानेवारी

दुपारी स्वयंपाकघरात होते. हरेशची गाडी आली. दार लागलं.

भिंतीवर दणका बसला. मग दुसरा. फळीवरचा डबा हलला, अगदी पूर्वीसारखा.

मी मनात म्हटलं, हा डॉन पण ना. आणि मग आठवलं.

खाली बसले. भिंतीला कान लावला. कुत्र्याचा आवाज मध्ये नसल्यामुळे सगळं स्पष्ट ऐकू येत होतं. तो काय बोलत होता ते इथे लिहिणार नाही. वर्षभर ह्याच भिंतीला टेकून मी भाज्या निवडल्या. कपाळावर हात मारून घेतला असता, पण तोही आवाज पलीकडे गेला असता.

मंगळवार, १४ जानेवारी. संक्रांत

सकाळी हरेश तिळगूळ घेऊन दारात. “काकी, गोड बोला.” मी तिळगूळ घेतला. हो, घेतला. हात आपोआप पुढे गेला, इतकी वर्षांची सवय. म्हटलं, “नमिताला पाठव की हळदीकुंकवाला.”

“तिला बरा नाय वाटत. आता तर डॉन पन नाय सोबतीला. घरातच बरी.” मग थोडं वाकून, हळू आवाजात म्हणाला, “काकी, डॉनचा तुमी केला, मी कुठं तक्रार केली का? तसा तुमी पन बोलू नका. शेजारधर्म हाय.”

ह्यांना म्हटलं, पोलिसात जाऊ. हे उठून बसले. मग म्हणाले, “तिनं नाय म्हटलं तर? तोंडावर पडू. आन मग तिला कोन वाचवंल?” पहिल्यांदाच हे कूस न बदलता बोलले. रात्रभर एकच विचार. त्या घराचं दार माझ्यासाठी उघडणार नाही. पण गल्लीतल्या सगळ्या सवाष्णी मिळून बोलावणं घेऊन गेल्या तर कुठला नवरा नाही म्हणेल? चार लोकांत त्याला चांगलं दिसायचं असतं, तीच त्याची दुखरी नस.

शुक्रवार, १७ जानेवारी

आत्ता दिवेलागण झालीय. घाईने लिहिते, कारण नंतर काय होईल माहीत नाही. हॉलमध्ये बायका बसल्यात, मी स्वयंपाकघरात.

चार वाजता आम्ही नऊजणी हरेशच्या दारात गेलो. नऊवारी, नथी, हातात कुंकवाचे करंडे. पुढच्या घरातली राजश्री सगळ्यांत पुढे, तिचा आवाज मोठा म्हणून. “हरेशभाऊ, नमिताला घ्यायला आलोय. पहिल्या वर्षापासून आली नाही, आज सोडणार नाही.” तो हसला. मागे बघितलं. पुन्हा हसला. दार उघडावंच लागलं.

नमिता लांब बाह्यांच्या ब्लाऊजमध्ये आली. आमच्या घरी आणून पाटावर बसवलं. मी कुंकू लावायला हात वर केला आणि तिने दचकून मान मागे घेतली, दोन्ही हात तोंडापुढे. सगळ्यांनी बघितलं. गाणी थांबली. कुंकू माझ्या बोटालाच राहिलं.

मी वाण पुढे केलं. साधी स्टीलची वाटी. तिने घेतलं नाही.

“तुमच्या हातचा काय नको मला,” ती म्हणाली. मग फार हळू, “काकी, तुमाला दादूस ऐकू यायचा. मी नाय आले कधी ऐकू?”

मी खालीच बसले. काय बोलायचं ते ठरवून ठेवलं होतं, सगळं विसरले. जे आलं ते बोलले. “बायांनो, हिचा कुत्रा मी मारला. ज्याला मी सोन्यासारखा म्हणत होते त्याने मारवून घेतला माझ्याकडून, कारण तो मध्ये उभा राहत होता. आणि हा हिला मारतो ते मी भिंतीतून ऐकलंय. वर्षभर ऐकलं, कुत्रा म्हणून ऐकलं.”

मला वाटलं बायका ‘अगंबाई’ म्हणतील. कोणी म्हणालं नाही. राजश्री मांडीवरच्या करंड्याकडे बघत म्हणाली, “आमच्या गच्चीवर पण येतो आवाज.” मग कोपऱ्यातली एक म्हणाली, “मागच्या खिडकीतून आम्हाला पण.” एकेक करून सगळ्या बोलल्या. गल्लीत न ऐकलेलं एकही घर निघालं नाही. मला एवढी भीती त्या कुत्र्याची कधी वाटली नव्हती.

पाच वाजता हरेश दारात आला. “झाला ना हळदीकुंकू? चल नमिता.” रिवाज असा की कुंकू लागलं, ओटी भरली की उठायचं. राजश्रीने पदर खोचला आणि जागेवरच बसून राहिली. “अजून कुंकू लागायचंय हिला,” म्हणाली. कोणी उठलं नाही. मी दार लावून कडी घातली.

नमिताने राजश्रीच्या फोनवरून आईला फोन लावला. सखूबाई दिवाळ्याहून निघाल्यात, आळीतल्या बायका बरोबर घेऊन. ह्यांना बाजारात फोन केला, तेही टोळीतले दोघे घेऊन येतायत. पोलिसांचा नंबर नमिताने स्वतः लावला. पत्ता सांगताना तिचा आवाज चिरकला, पण सांगितला. कोणीही अजून पोहोचलेलं नाही.

बायकांच्या घरून फोन येतायत, स्वयंपाकाचं काय, पोरांचं काय. दोघीतिघी चुळबुळतायत. एकीने चप्पल कुठे आहे बघितलं आणि परत बसली. नमिता माझ्याशी बोलत नाही. बोलूही नये. पण ती पाटावरून उठलेली नाही.

हरेश आमच्या ओट्यावर बसलाय. शिवी नाही, आरडाओरडा नाही. थोड्या थोड्या वेळाने दारावर बोटाने टकटक करतो आणि अगदी लाडाने हाक मारतो.

“काकी. उघडा ना. मी हाय, हरेश.”